नानांचा सत्कार

सामना सुरू होण्यापूर्वी नाना आगळे पायांतली चप्पल काढून ठेवत आणि संपूर्ण मैदान अनवाणी फिरून येत. केडगावचे आमचे बास्केटबॉलचे मैदान सिमेंटचे आणि उघड्यावरचे. एप्रिल-मे महिन्यांत दिवस कलल्यावरही त्याच्यावर पाय टेकवत नाही. तरीही नाना आधी कडेकडेने, मग तिरपे, मग दोन्ही बास्केटांच्या खाली सावकाश चालत. कुठे खडा लागला की वाकून तो उचलत आणि खिशात टाकत. "बुटाला खडा कळत न्हाई," ते म्हणत, "पायाला कळतो. पोरगं पडल्यावर कळन्यापरीस आधी कळलेलं बरं." सामन्यानंतर ते खडे तसेच त्यांच्या घरी जात आणि धुणे भिजवण्यापूर्वी वहिनी ते खिडकीबाहेर झटकत. "ह्यांच्या खिशातून संसाराला एवढंच येतं," असे त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. अर्थात नानांना ऐकू जाईल अशा बेताने.

नाना एस.टी.त कंडक्टर होते. सहा फुटांच्या वर उंची, किंचित पुढे झुकलेले खांदे, आणि खच्चून भरलेल्या गाडीच्या मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोहोचणारा आवाज. तोच आवाज ते मैदानावर वापरत. संघातले कोणी चेंडू हातात धरून विचार करत राहिले की ओरडत, "आरं, पुढं सरका! दारात गर्दी करू नका!" प्रतिस्पर्ध्यांना हसू येई, पण आमच्या पोरांना नेमके कुठे सरकायचे ते कळलेले असे. मी केडगावात राहायला आलो तेव्हा मैदानाभोवती संध्याकाळच्या फेऱ्या मारत असे. एके दिवशी नानांनीच मला थांबवले. "सर, रोज गोल गोल फिरता, त्यापरीस आत येऊन गुन तरी लिहा." मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. खेळाशी माझा संबंध शून्य. तरी मी आत गेलो, गुण लिहू लागलो आणि हळूहळू नानांच्या क्रीडा मंडळाचा व्यवस्थापक झालो. माझे बोलणे जन्मापासून हळू. नाना त्याची मनसोक्त थट्टा करत. "सर, तुमी गाडीत असता तर 'थांबवा' म्हनेपर्यंत तुमचं गाव मागं पडलं असतं."

त्यांचे मूळ गाव पाथर्डीच्या कोरड्या पट्ट्यातले. दिवाळी झाली की आई-वडील आणि थोरला भाऊ नामदेव ऊसतोडीला जात. नानांना मात्र नगरला एका मिशनच्या वसतिगृहात ठेवले होते. तिथल्या अंगणात बास्केटबॉलची एक वाकडी रिंग होती. तिने नानांना जन्माचे धरून ठेवले. वडील लवकर गेले. त्यांच्यामागे नामदेवदादाने कोयता सोडला नाही, म्हणून नानांची शाळा सुटली नाही. नाना हे कधी गहिवरून सांगत नसत. "दादा वाकला, म्हनून मी उंच झालो," एवढेच म्हणत आणि विषय बदलत.

नानांच्या स्वभावातली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांचा रोखठोकपणा. ते आमचे कर्णधारही होते आणि प्रशिक्षकही. कोणाला खेळवायचे आणि कोणाला बसवायचे हे तेच ठरवत. एका उन्हाळ्यात त्यांचा सख्खा मेहुणा, संतोष, संघात होता. सासुरवाडीची दहा माणसे सामना पाहायला आलेली असताना नाना त्याला सर्वांदेखत म्हणाले, "संतोष, आज तू बस. तुझं पोट पुढं आन् पाय मागं पडाया लागलेत." संतोष चिडला. "दाजी, हे घरी सांगता आलं नसतं का?" नाना म्हणाले, "घरी सांगितलं असतं तर तुझी बहीन मधी पडली असती." दोघे मैदानाच्या कडेला बराच वेळ भांडले. संतोषने मागच्या सामन्यातले आपले गुण सांगितले, नानांनी त्याने मोकळी सोडलेली समोरची माणसे सांगितली. शेवटी संतोष बसला. संध्याकाळी एकाच ताटात जेवले दोघे, फक्त वहिनींनी त्या दिवशी नानांना भाजी वाढली नाही.

मी नंतर त्यांना म्हणालो, "नाना, जरा सांभाळून बोलता आले असते." तेव्हा ते थोडे गंभीर झाले. "सर, तोंडावर सांगितलं की मानूस भांडतो. भांडला की मोकळा होतो. पाठीमागं ठरवलं की त्यो आयुष्यभर हुडकत बसतो, आपलं काय चुकलं म्हनून." मला ते वाक्य पटले. पटलेले वाक्य आणि आचरणात येणारे वाक्य यांत किती अंतर असते, याचा अनुभव पुढे यायचा होता.

दर उन्हाळ्यात जिल्ह्यातली काही मंडळे आपसांत एक स्पर्धा खेळतात. साखळीत पहिले आलेले दोन संघ अंतिम फेरीत तीन सामने खेळतात. दोन जिंकेल तो विजेता. त्या वर्षी आमचे मंडळ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचले. समोर नगर शहरातला तरुण, चपळ संघ होता. पहिला सामना त्यांच्या मैदानावर झाला आणि आम्ही वाईट हरलो. कारण उघड होते. नानांनी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि त्यांचा उजवा गुडघा कुरकुरत होता. प्रतिस्पर्धी संघ प्रत्येक वेळी नानांच्याच बाजूने धावत होता. पहिल्या दहा मिनिटांतच सामना आमच्या हातून गेला.

दुसऱ्या सामन्याच्या दिवशी नानांची गाडी करंजी घाटात अडकली. पुढे मालट्रक आडवा झालेला, वाहतूक ठप्प. नाना वेळेवर पोहोचेनात, तेव्हा त्यांच्या जागी अजिंक्यला उतरवावे लागले. अजिंक्य सोनईचा, आमच्याच महाविद्यालयात शिकून गेलेला, अबोल आणि विलक्षण वेगवान. त्या दिवशी आमचा संघ ओळखू येत नव्हता. मध्यंतराला नाना खाकी गणवेशातच धावत आले, खांद्याला तिकिटांचे यंत्र तसेच अडकवलेले. फलकाकडे पाहून थबकले. आम्ही बऱ्याच गुणांनी पुढे होतो. संघातल्या डेव्हिडने त्यांच्यासाठी जर्सी पुढे केली, तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. चालत्या गाडीत डायव्हर बदलत न्हाईत." आणि उरलेला सामना त्यांनी कडेला उभे राहून, गळ्याच्या शिरा ताणून खेळवला. आम्ही जिंकलो.

आता तिसरा, निर्णायक सामना उरला होता. साखळीत आम्ही वर होतो म्हणून तो केडगावात होणार होता. आणि प्रश्न एकच होता: पहिल्या पाचांत नाना की अजिंक्य?

खेळ जाणणारा म्हणेल, यात एवढे काय? मैदानावर पाच उतरतात, बाकीचे बाकावर असतात, आणि लागेल तसे आत-बाहेर होतात. सुरुवात कोणी केली याला फारसा अर्थ नसतो. आमच्याकडे मात्र त्या पाचांची नावे लाउडस्पीकरवरून घेतली जातात, पाहुणे त्यांच्याशी हात मिळवतात, नारळ त्यांच्यासमोर फुटतो. लग्नात फेटा कोणाला बांधला आणि कोणाला राहिला हे वीस वर्षे लक्षात ठेवणारी आम्ही माणसे. मंडळ सुरू झाल्यापासून नाना त्या पाचांत होते. तिथून त्यांना बाजूला करणे म्हणजे भरल्या पंगतीतून उठवण्यासारखे होते.

रविवारी सकाळी आम्ही इरफानच्या गॅरेजमध्ये जमलो. इरफान आणि डेव्हिड हे संघातले जुने खेळाडू. दोघांनाही नानांनीच घडवलेले. एरवी पाच जण नानाच ठरवत; या वेळी प्रश्न त्यांचाच होता, म्हणून त्यांना आम्ही बोलावले नव्हते. अजिंक्यलाही नाही.

"सरळ आहे," डेव्हिड म्हणाला. "ते लोक पहिल्या मिनिटापासून नानांवर धावणार. अजिंक्य असला तर धावणार कुठे?"

"आणि शेवटच्या पाच मिनिटांत?" इरफान स्कूटरचे चाक फिरवत म्हणाला. "दोन गुणांचा फरक असला, सगळ्यांचे हात कापायला लागले, की डोकं कोण ठेवणार? तुझा अजिंक्य? तो स्वतःचं नाव विचारलं तरी लाजतो."

"तेव्हा नानांना आणू ना. नाना बाकावर असतीलच. सुरुवात अजिंक्य, शेवट नाना."

इरफानचे चाक थांबले. त्याने मान हलवली. "हां. हे बरोबर आहे."

मलाही ते बरोबर वाटले. आजही वाटते. तो बदल खेळाच्या दृष्टीने योग्य होता आणि नानांच्या दृष्टीनेही अपमानाचा नव्हता. अर्ध्या तासात आम्ही एकमत केले होते. मग डेव्हिड म्हणाला, "नानांना सांगणार कोण?"

"मी नाही," इरफान म्हणाला. "माझ्या निकाहात ते हातात बादली घेऊन वाढत फिरत होते. मी त्यांना बसा म्हणू?"

"माझ्या हातात पहिला बॉल त्यांनी दिलाय. मी नाही."

दोघे माझ्याकडे पाहू लागले. "सर, तुम्ही शिकवता. तुमच्याकडे शब्द असतात," डेव्हिड म्हणाला. "आणि तुमचं बोलणं कुणाला लागत नाही."

मी त्याच संध्याकाळी नानांच्या घरी गेलो. नाना ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. "या सर! काय काम काढलं?" मी म्हणालो, "सहज." वहिनींनी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून ठेवली. मी खात होतो आणि मनात वाक्ये जुळवत होतो. ती जवळजवळ जुळली असतानाच नाना म्हणाले, "सर, दादा येतोय."

"कोण, नामदेवदादा?"

"व्हय. यंदा तोडीवरनं लवकर आलाय. इतकी वर्सं झाली, त्यानं मला खेळताना बघितलं न्हाई. कवा सवड, कवा पैसं न्हाईत, कवा म्हनायचा, मला काय कळतंय त्यातलं. यंदा मीच म्हनलं, दादा, ये. पयल्या पाचात असतो मी. माझं नाव भोंग्यावर घेत्यात. तू उसात हुतास तवा मी काय करत हुतो, एकदा बघून तर घे." ते गुडघ्याकडे पाहत हसले. "हे बेनं तेवढं एक दिवस गप बसलं म्हंजे झालं."

मी पाणी प्यालो, उठलो आणि निघालो. निघताना नाना म्हणाले, "सर, काई तरी सांगाया आल्ता तुमी." मी म्हणालो, "नाही, नाही." लोक माझ्या मृदू बोलण्याला सौजन्य म्हणतात. त्यात सौजन्य किती आणि भीती किती, हे तपासण्याची वेळ मी आयुष्यात फार थोड्या वेळा स्वतःवर येऊ दिली. त्या संध्याकाळी ती आली होती. आणि मी चालत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी गावातली कित्येक भांडणे मिटवली होती आणि त्यांची एकच पद्धत होती: भांडणाऱ्याला मोठे करायचे. सगळे ऐकून ते मोठ्याने हसले. "अरे, बसवायचं कशाला? उभं करून सत्कार करू! शाल, फेटा, नारळ. इतक्या वर्षांची सेवा आहे, कधीतरी करायचाच होता. सामन्याआधी स्टेजवर बोलवायचं, सन्मान करायचा आणि पाहुण्यांशेजारी खुर्ची द्यायची. दुखावण्याचा प्रश्नच नाही."

"आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्यांना उतरवायचं ठरलंय, त्याचं काय?" इरफानने विचारले.

"सत्कार झालेला माणूस लगेच चड्डीवर पळायला लागेल का रे? शोभेल का ते?"

इरफानने माझ्याकडे पाहिले. माझ्या मनात दादांचा विचार आला होता, हे मी लपवत नाही. पण तो मी मनातल्या मनात असा वळवला की, भावाला सत्कार पाहून आनंदच होईल. मी म्हणालो, "मानपत्र मी लिहितो." आणि छातीवरचे ओझे उतरल्यासारखे मला वाटले. आम्हा सर्वांनाच वाटले. नानांना सत्काराविषयी कोणी आधी सांगायचे नाही, आनंदाचा धक्का द्यायचा, असेही ठरले.

सामन्याच्या दिवशी नाना सर्वांच्या आधी आले. जर्सी घातलेली, गुडघ्याला पट्टी. चप्पल काढून त्यांनी मैदान फिरून घेतले. मग नामदेवदादा आले: धोतर, पांढरी टोपी, नानांपेक्षा हातभर बुटके, पाठ कमरेतून वाकलेली. नानांनी त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली, आणि रिंगकडे बोट दाखवून काहीतरी समजावून सांगू लागले. दादा शाळेत आलेल्या मुलासारखे मान हलवत होते.

मी लाउडस्पीकर हातात घेतला आणि नानांना स्टेजवर बोलावले. कर्णधाराला पाहुण्यांशी हात मिळवायला बोलावले असेल, असे समजून ते हसत आले. मी मानपत्र वाचले. मी ते मन लावून लिहिले होते. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी शाल पांघरली, हाती नारळ दिला, फेटेवाल्याने भगवा फेटा बांधला. नानांनी सर्वांना नमस्कार केला आणि फेटा काढून माझ्या हाती देत ते पायऱ्यांकडे वळले. अण्णांनी हसत त्यांचा दंड धरला, फेटा पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवला. "बसा नाना. आज तुम्ही पाहुणे."

नानांनी मैदानाकडे पाहिले. आमचे पाच जण मधल्या वर्तुळाशी उभे होते. अजिंक्य मान खाली घालून बुटाची नाडी पुन्हा बांधत होता. मग नानांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला ती सहन झाली असती. ते फक्त विचारत होते. त्यांचे ओठ हलले, आणि तो आवाज आता सगळ्या मैदानाला ऐकू जाणार, असे मला वाटले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून टाळ्या ऐकू आल्या. बाकीच्यांच्या थांबल्या होत्या. नामदेवदादा एकटेच उभे राहून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "माझा भाऊ हाय त्यो! धाकला! फेटा बांधला बगा त्याला!" नाना काही क्षण त्यांच्याकडे पाहत राहिले. मग ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी शाल गुडघ्यांवर ओढून घेतली.

आम्ही तो सामना जिंकलो. अजिंक्य अप्रतिम खेळला. शेवटच्या मिनिटांत, इरफानने भाकीत केल्याप्रमाणे, सगळ्यांचे हात कापू लागले तेव्हा सर्वांचे डोळे स्टेजकडे वळले होते. नाना ओरडले नाहीत. त्या मैदानावर त्यांचा आवाज नसलेला एकही सामना मी तोवर पाहिला नव्हता. दोन गुणांनी का होईना, चषक आमच्याकडे आला. आम्ही हरलो असतो तर निदान चूक कोणती हे सांगता आले असते.

सामन्यानंतर दादा स्टेजपाशी आले. "आरं गोरख, पन तू खाली का न्हाई उतरला? तुझा खेळ बगाया आल्तो मी." गोरख हे नानांचे नाव, ते मी इतक्या वर्षांत क्वचितच कोणाच्या तोंडून ऐकले होते. नाना हसले. "दादा, फेटा बांधल्यावर पळता येतंय व्हय? मोठ्या मानसांना खेळाया लावत न्हाईत." दादा म्हणाले, "व्हय, ते बी खरं." आणि त्यांनी नानांच्या फेट्याचे सुटलेले टोक नीट खोवले. मी जवळच उभा होतो. आम्हा सर्वांना नानांनी एका वाक्यात पाठीशी घातले होते.

चार-पाच दिवसांनी मी त्यांना मैदानावर एकटे गाठले आणि क्षमा मागितली. ते चेंडूत हवा भरत होते. "अजिंक्यला घ्यायचं बरोबरच हुतं," ते म्हणाले. "त्याचं मला काई न्हाई. पन सर, मला सांगायचं हुतं. मी भांडलो असतो. लई भांडलो असतो. म्हनलो असतो, दादा आलाय, दोन मिन्टं तरी उतरू द्या. तुमी न्हाई म्हनला असता, तरी ऐकलं असतं." पंप थांबवून ते म्हणाले, "सत्काराचा मान दिला तुमी. भांडनाचा न्हाई दिला."

त्यानंतर ते सामने खेळले नाहीत. मैदानावर मात्र नियमित येत राहिले, अजिंक्यला घेऊन तासन् तास घाम गाळत राहिले. माझ्याशी त्यांचे वागणे बदलले, असे कोणी म्हणू शकले नसते. भेटले की नमस्कार करत, चहा पाजत, घरची विचारपूस करत. फक्त माझ्या हळू बोलण्याची थट्टा त्यांनी पुन्हा कधी केली नाही. मी बोलू लागलो की ते शांतपणे, आदराने ऐकून घेत. मी त्या थट्टेची वाट पाहत राहिलो.

गेल्या पावसाळ्यात नाना गेले. ड्यूटीवरून येऊन जेवले, छातीत दुखते म्हणाले, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत राहिले नाहीत. दशक्रिया विधी त्यांच्या गावी झाला. आम्ही सगळे गेलो. प्रवचन संपले, पंगती बसल्या. इरफान आणि डेव्हिड मांडवाकडचे पाहत होते; अजिंक्य बुंदीची बादली घेऊन वाढत होता. नामदेवदादांनी मला खुणेने बोलावले आणि आम्ही लिंबाखाली टाकलेल्या बाजेवर बसलो.

"तुमीच ते मानपत्र वाचलं हुतं ना, गुरुजी?"

"हो." मी धीर केला. "दादा, त्या दिवसाबद्दल मला तुम्हाला काही सांगायचे आहे."

त्यांनी हात वर केला. "नका सांगू. मला म्हाईत हाय." मग म्हणाले, "आमच्या टोळीत मानूस थकला, त्याच्या हातनं ऊस पडंना, की मुकादम त्याला त्वांडावर काई बोलत न्हाई. सांच्याला बोलावतो. शेजारी बसवतो, च्या पाजतो, समद्यांच्या म्होरं डोक्यावर नवी टोपी घालतो. लोक म्हनत्यात, काय मान दिला! आन् फुडच्या सालाला टोळी निघाली की त्याला कुनी हाक मारत न्हाई. मला बी घातली ना टोपी, त्याच साली. म्हनून तर लवकर आल्तो. गोरखला न्हवतं सांगितलं. त्याच्या डोक्यावर फेटा बांधाया लागले, तवाच मला कळलं."

"मग तुम्ही टाळ्या वाजवत होतात..."

"त्यो माझ्याकडं बगत हुता, गुरुजी. माझं त्वांड पडलं असतं, तर त्या खुर्चीत त्यो कसा बसला असता? त्याला वाटलं, दादाला काई कळलं न्हाई. तसंच वाटू दिलं मी. शेवटपातूर."

मांडवातून पहिली पंगत उठल्याचा गलका आला. दादांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"त्याच्या जाग्याव खेळला, ते पोरगं कोन?"

"अजिंक्य. तो आला आहे. तो बघा, बुंदी वाढतो आहे तो."

दादा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "चांगला खेळला त्यो त्या दिशी. मला खेळातलं कळत न्हाई, पन जीव तोडून पळत हुता, ते कळलं. त्याला कुनी सांगितलं का न्हाई तसं?"

मी आठवू लागलो. नानांनी सांगितले असेल, नसेल; मला ठाऊक नाही. आमच्यापैकी कोणी सांगितले नव्हते. चषक मिळाला त्या संध्याकाळी आम्ही कोणीच अजिंक्यच्या पाठीवर हात ठेवला नव्हता. आम्हाला त्याच्याकडे पाहवत नव्हते, आणि आपण काय चूक केली हे तो बिचारा त्या दिवसापासून शोधत असेल, हे माझ्या आत्ता लक्षात येत होते.

"नाही," मी म्हणालो.

दादा बाजेचा आधार घेऊन उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. वाकलेल्या पाठीने, सावकाश, पंगतींच्या मधून वाट काढत ते अजिंक्यपाशी गेले. काय बोलले ते मला इथवर ऐकू आले नाही. अजिंक्यने बादली खाली ठेवलेली तेवढी मला दिसली.